जातसमूहांच्या प्रगतीची तुलना : नेवासा परिसराच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

नेवासा हे गाव मराठी वाचकाला सर्वप्रथम ज्ञानेश्वरीमुळे परिचित असते. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये प्रवरेच्या काठी या ग्रंथाची रचना झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी निरूपण केले असे मानले जाते, तो ‘पैस’ तेथील मंदिरात भाविकांना दाखविला जातो. ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली आणि तेथून नेवाशास आली, असे परंपरा सांगते. त्यांच्या वंशाविषयी कोणाच्याही मनात संशय नव्हता. आपेगावच्या कुलकर्णी घराण्यातील ही मुले. तथापि ‘संन्याशाची मुले’ म्हणून त्यांना समाजाची मान्यता नव्हती. वंश ही एक बाब आणि त्या वंशाला व्यवहारात मिळणारे स्थान ही दुसरी बाब, हा भेद या कथेत स्पष्ट आहे. जातसमूहांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना करणाऱ्या आधुनिक लेखनात मात्र तो वारंवार पुसला जातो.

मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याचा निर्णय १९९० मध्ये जाहीर झाल्यापासून महाराष्ट्रात अशा तुलनांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. आयोगांचे अहवाल, न्यायालयीन निवाडे, विद्यापीठीय प्रबंध आणि वृत्तपत्रीय लेख या सर्वांत अमुक जात पुढे गेली, तमुक मागे राहिली, अशी विधाने आकड्यांच्या आधारे केली जातात. आकडे बहुधा खरेच असतात. प्रश्न आकड्यांचा नसून कोणाची तुलना कोणाशी, कोणत्या नावाखाली व कोणत्या छेदाने केली गेली याचा आहे. प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या परिसरातील नेवासा तालुका या प्रश्नाची चिकित्सा करण्यास सोयीचा आहे. कारण एकाच पूर्वजसमूहाच्या तीन भिन्न नोंदी, कालव्याखालची आणि कोरडवाहू अशी दोन प्रकारची शेती, तसेच सहकारी साखर कारखानदारी हे सर्व येथे एकत्र आढळते.

गॅझेटियरची जातवार पाने

या जिल्ह्यातील जातसमूहांची पहिली पद्धतशीर तुलना १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अहमदनगर खंडात सापडते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या या मालिकेत प्रत्येक जातीचे वर्णन जवळपास एकाच साच्यात येते. अंगकाठी, भाषा, घर, अन्न, वस्त्रे, लग्नाचा खर्च आणि शेवटी ही जात मुलांना शाळेत पाठवते की नाही, तिची स्थिती सुधारत आहे की खालावत आहे, असा एक-दोन वाक्यांचा निवाडा. संशोधकांनी या ग्रंथाचा उपयोग माहितीचा साठा म्हणून केला, पण त्याच्या साच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. वास्तविक हा साचाच अधिक टिकाऊ ठरला. जात हे एकसंध व्यक्तिमत्त्व आहे, तिला स्वभाव आहे आणि स्वभावानुसार तिची भरभराट किंवा घसरण होते, हे गृहीतक त्यामागे आहे. लग्नाचा खर्च सांगणारे गॅझेटियर त्या जातीकडे किती जमीन होती, सावकाराकडे किती गहाण होती, बलुत्यात तिचा वाटा कोणत्या ओळीतला, हे त्याच परिच्छेदात सांगत नाही. त्यासाठी शेती व भांडवल यांची निराळी प्रकरणे आहेत. कारण एका प्रकरणात आणि परिणाम दुसऱ्या प्रकरणात, अशी ही वाटणी आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ या बाबतीत एक पाऊल पुढे जातो. आत्र्यांनी जातींचे वर्णन गावाच्या देवघेवीत बसवून केले. कुणब्याच्या खळ्यावरून कोणाला काय जाते आणि कोण काय घेऊन जातो, याचा हिशेब त्यांनी मांडला. तथापि फिरस्त्या जमातींविषयी लिहिताना त्यांचीही लेखणी प्रशासकाची होते. कुणबी हा उत्पादक आणि इतर अनेक त्याच्यावरील भार, असा सूर उमटतो. जातींची तुलना करणारा कोणत्या खळ्यावर उभा राहून पाहतो, हे ‘गावगाडा’ नकळत दाखवून देतो. पुढे दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे बलुते दुसऱ्या बाजूने दाखविले. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता देवघेवीच्या त्याच व्यवहाराचा एक पक्ष ‘खर्च’ लिहितो आणि दुसरा पक्ष ‘भीक’, हे लक्षात येते. साहित्याच्या अभ्यासकांनी केलेली ही जोडवाचने समाजशास्त्राच्या वर्गात क्वचितच पोहोचतात, ही खेदाची बाब आहे.

एका वस्तीची तीन नावे

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्य सुरू केले. नेवासा तालुक्यातील वडाळा हे त्या मिशनचे महत्त्वाचे ठाणे बनले व सॅम्युएल फेअरबँक यांनी तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले. पक्ष्यांच्या अभ्यासकांना हे नाव निराळ्या कारणाने माहीत असते. परंतु नेवाशाच्या सामाजिक इतिहासात त्याचा संबंध महारवाड्याशी आहे. या भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार समाजातून आला आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर जिल्ह्यातील धर्मांतरांचे प्रमाण वाढले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर याच समाजाचा फार मोठा भाग बौद्ध झाला. काही कुटुंबांची नोंद हिंदू महार अशीच राहिली. अशा रीतीने एका पूर्वजसमूहाच्या तीन शाखा तीन धर्मनामांखाली नोंदल्या गेल्या. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र धर्मांतराने जागची हलली नाही.

आता या तीन शाखांची प्रगती अधिकृत आकडेवारीत कशी दिसते हे पाहणे उद्बोधक ठरेल. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण हिंदूंमध्ये ६५.१ टक्के, बौद्धांमध्ये ७२.७ टक्के आणि ख्रिश्चनांमध्ये ८०.३ टक्के होते. या तीन आकड्यांवरून धर्मांतर जितके जुने तितकी प्रगती अधिक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो अनेकांना आवरलेला नाही. परंतु ‘ख्रिश्चन’ या राष्ट्रीय सरासरीत केरळमधील सीरियन ख्रिस्ती, गोव्यातील कॅथलिक, वसईतील सामवेदी आणि ईशान्येकडील जनजाती हे सर्व सामावलेले आहेत. वडाळ्याच्या महार ख्रिस्ती शेतमजुराच्या घरात त्या ८०.३ टक्क्यांपैकी काय पोहोचले, हे त्या तक्त्यावरून मुळीच कळत नाही. उलट, त्याची जातच त्या तक्त्यातून नाहीशी होते. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीच्या गणनेत येत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात आहे.

याचा व्यावहारिक अर्थ समजण्यासाठी एका आजोबांच्या तीन नातवंडांची कल्पना करावी. एक घर बौद्ध, एक हिंदू महार, एक ख्रिस्ती. तिघांचे पणजोबा एकाच महार वतनाचे हिस्सेदार. हे वतन १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने संपुष्टात आले, तेव्हा वाट्याला आलेला जमिनीचा तुकडाही एकाच गटातला. पहिली दोन नातवंडे अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रावर महाविद्यालयात प्रवेश घेतात, तिसरे इतर मागासवर्गाच्या रांगेत उभे राहते. शिवीगाळ तिघांना एकाच शब्दाने होते. पण अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९ चे संरक्षण पहिल्या दोघांना आहे, तिसऱ्याला नाही. वीस वर्षांनी एखाद्या संशोधकाने या तिघांच्या उत्पन्नाची तुलना ‘बौद्ध’, ‘अनुसूचित जाती’ आणि ‘ख्रिस्ती’ अशा तीन स्तंभांत केली, तर त्यांतील फरक तो कोणत्या कारणाला लावील? धर्माच्या शिकवणुकीला, मिशनच्या शाळेला, आरक्षणाला की कुटुंबातून कोण आधी मुंबईस गेले याला? तक्ता याचे उत्तर देऊ शकत नाही. स्तंभ आखतानाच ते उत्तर गमावलेले असते.

सतीश देशपांडे आणि गीतिका बापना यांनी २००८ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अहवालात उपलब्ध माहितीचा आढावा घेऊन, दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम यांची स्थिती इतर दलितांहून इतकी वेगळी नाही की त्यांना निराळी वागणूक देणे समर्थनीय ठरावे, अशा आशयाची मांडणी केली. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून विलग करण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा आयोग नेमावे लागतात, याचे एक कारण राजकीय आहे हे उघड आहे. परंतु दुसरे कारण माहितीचे आहे. ज्या समूहाची स्वतंत्र मोजणीच होत नाही, त्याचे मागासलेपण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच समूहावर टाकली जाते.

नाव बदलल्याने संख्या कशी बदलते, याचे महाराष्ट्राइतके ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या २,४८९ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. दहा वर्षांत कोणाचा वंश बदलला नाही, वंशाचे नाव बदलले. अमेरिकेत जनगणनेत पूर्वजांविषयीचा प्रश्न १९८० पासून विचारला जाऊ लागला, तेव्हा असाच प्रकार घडला. स्वतःचे पूर्वज इंग्रज असल्याचे सांगणारे १९८० मध्ये सुमारे ४ कोटी ९६ लाख होते, १९९० मध्ये सुमारे ३ कोटी २७ लाखच उरले. प्रश्नपत्रिकेत उदाहरणादाखल कोणती नावे छापली, याचाही त्यावर परिणाम झाला असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. थॉमस सॉवेल यांनी ‘एथ्निक अमेरिका’ (१९८१) या ग्रंथात वांशिक समूहांच्या उत्पन्नाची तुलना करताना त्यांच्या सरासरी वयांतील तफावतीकडे लक्ष वेधले. तरुण समूहाचे सरासरी उत्पन्न प्रौढ समूहापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे. सॉवेल यांचे इतर निष्कर्ष वादग्रस्त आहेत आणि भेदभावाचे महत्त्व कमी लेखण्याकडे त्यांचा कल आहे. तथापि हा एक मुद्दा मराठी संशोधनाने अद्याप आत्मसात केलेला दिसत नाही. त्यात स्थलांतराची भर घातली पाहिजे. नेवाशाच्या बौद्ध वस्तीतील शिकलेला मुलगा पुण्यास किंवा मुंबईस जातो आणि मागे वृद्ध आईवडील राहतात. तालुक्याची सरासरी त्या आईवडिलांची असते, यश पुण्याच्या खात्यात जमा होते.

बौद्धांच्या शैक्षणिक प्रगतीविषयी २०११ ची जनगणना अधिक बोलकी आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी बौद्धांमधील साक्षरता ८३.१७ टक्के, म्हणजे राज्याच्या सुमारे ८२.३ टक्के या सरासरीहून किंचित अधिक होती. या वस्तुस्थितीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे स्पष्टीकरण केवळ धर्मांतरात शोधणे अपुरे ठरते. एलिनॉर झेलियट यांच्या लेखनापासून हे मान्य झाले आहे की, महारांना चांभार किंवा मांग यांच्याप्रमाणे विकता येण्याजोगा ठराविक कसब-व्यवसाय नव्हता आणि म्हणूनच सैन्य, रेल्वे, गोद्या व गिरण्या यांच्याकडे ते लवकर वळले. जातव्यवस्थेने ज्याला कमी दिले तो गावापासून आधी सुटला, असा हा विपर्यास आहे. मांग समाज दोरखंड व केरसुणी यांमुळे कुणब्याच्या खळ्याशी अधिक काळ बांधलेला राहिला. अनुसूचित जातींच्या अंतर्गत वर्गीकरणास सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिल्यानंतर महार आणि मांग यांच्या प्रगतीची तुलना महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आली. ती करताना हा इतिहास बाजूला ठेवला, तर एका समूहाला ‘जागृत’ आणि दुसऱ्याला ‘उदासीन’ ठरविणारी गॅझेटियरची भाषाच नव्या पोशाखात परत येईल.

छेदाचा प्रश्न

मराठा समाजाच्या मागासलेपणाविषयीचा वाद हा तर तुलनेच्या पद्धतीचाच वाद होता. न्या. एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये अहवाल सादर केला आणि मराठा समाजाची लोकसंख्या ३० टक्के धरली. शासकीय सेवेतील मराठ्यांचे प्रमाण काढताना आयोगाने एकूण पदे विचारात घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ च्या निकालात ही रीत अमान्य केली. मराठा उमेदवार खुल्या प्रवर्गात असल्याने खुल्या प्रवर्गातील भरलेल्या पदांशीच प्रमाण ताडले पाहिजे, असे म्हटले. त्या रीतीने मराठ्यांचे प्रमाण ‘अ’ गटात ३३.२३, ‘ब’ गटात २९.०३, ‘क’ गटात ३७.०६ आणि ‘ड’ गटात ३६.५३ टक्के येते. अंश तोच, छेद बदलताच मागासलेला समूह पुरेसे प्रतिनिधित्व असलेला समूह ठरला.

न्यायालयाचा आक्षेप योग्य आहे. मात्र त्याची तर्कसंगती शेवटपर्यंत नेलेली दिसत नाही. पदांच्या छेदातून आरक्षित प्रवर्ग वगळावयाचे असतील, तर लोकसंख्येच्या छेदातूनही ते वगळावयास हवेत. एकूण लोकसंख्येत ३० टक्के असलेला समूह आरक्षणाबाहेरच्या लोकसंख्येत त्याहून बराच अधिक भरणार, आणि मग तेहतीस टक्के हा आकडा तितकासा समाधानकारक वाटणार नाही. न्यायालयापुढील कसोटी प्रमाणशीर नव्हे, तर पुरेशा प्रतिनिधित्वाची होती, हे खरे. त्या कसोटीपुरता निकाल टिकतो. परंतु समाजशास्त्रज्ञाने तो आकडा उचलून ‘मराठा समाज मागे नाही’ असे विधान करणे आणि आयोगाचा आकडा उचलून ‘मागे आहे’ असे विधान करणे, ही दोन्ही सारखीच घाईची विधाने आहेत. घाईचे आणखी एक उदाहरण म्हणजे जानेवारी २०२४ मधील सर्वेक्षण. न्या. सुनील शुक्रे यांच्या आयोगासाठी ते २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी इतक्या काळात राज्यभर उरकण्यात आले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचे विधेयक संमत केले. शीर्षकात ‘सामाजिक मागासलेपण’ असलेली प्रश्नावली हाती घेऊन शिक्षक दारोदार फिरले. गावातील पाणी कोणाच्या शेतापर्यंत येते, हे त्यांना स्वतःला ठाऊक असले तरी जातीच्या सरासरीत ते मावण्यासारखे नव्हते.

पाण्याचा हा मुद्दा नेवाशात टाळता येणार नाही. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरीकडून नेवासा, शेवगाव व पाथर्डीकडे जातो. ज्या मराठा कुटुंबाच्या जमिनीला हे पाणी मिळाले, ते उसाकडे वळले. ऊस आला म्हणजे सोनईच्या मुळा किंवा भेंड्याच्या ज्ञानेश्वर सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व आले, त्यामागून सोसायटीचे कर्ज, दूध संघ, शिक्षणसंस्थेतील प्रवेश आणि पुढे नोकरी अशी साखळी तयार झाली. उत्पादक सभासद होण्यासाठी शेती लागते. ज्याच्या पूर्वजाकडे जमीन नव्हती, त्याला सहकाराच्या दारातून आत जाण्याचा परवाना त्या दिवशीच नाकारला गेला. त्यासाठी कोणी त्याची जात विचारण्याची गरज उरली नाही. भेदभाव करणारी व्यक्ती नसतानाही भेद पिढीजात कसा होतो, याचे हे उदाहरण आहे. त्याच वेळी कालव्याबाहेरचा कोरडवाहू मराठा शेतकरी आणि पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या फुगवट्यात जमीन गेलेला शेतकरी हेही मराठाच. कालव्याच्या मुखाशी असलेला आणि शेपटाशी असलेला यांची बेरीज करून काढलेली सरासरी दोघांपैकी कोणाचेही चित्र नसते. पंचायत, कारखाना आणि विधानसभा यांत दिसणारा मराठा आणि कर्जमाफीच्या यादीत दिसणारा मराठा हे एकाच आडनावाचे असू शकतात.

आर्थिक निर्देशांकांनी न मोजता येणारी एक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यातील सोनई परिसरात मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. त्यांपैकी एकाचे सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध असल्याचे कारण त्यामागे होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. कोणत्याही सर्वेक्षणात या तिघांची नोंद साक्षर, नोकरदार, शैक्षणिक संस्थेत वेतनावर काम करणारे अशी झाली असती, म्हणजे प्रगतीच्या स्तंभात. साक्षरता, वेतन, पक्के घर हे निर्देशांक त्या दिवशीही तसेच राहिले असते. जातसमूहांच्या तुलनेत ‘कोणाशी लग्न करता येते’ आणि ‘कोणत्या वस्तीत घर भाड्याने मिळते’ हे स्तंभ असावेत असे सुचविले, तर ते मोजता येत नाही असे उत्तर मिळते. वास्तविक गॅझेटियरने एकोणिसाव्या शतकात रोटी-बेटी व्यवहार जातवार नोंदविला होता. तो नोंदविता येतो. आज तो नोंदविण्याची इच्छा नाही, एवढाच फरक आहे.

जातींची सविस्तर कोष्टके प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. पुढील जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक निश्चित केला. या गणनेच्या कोष्टकांत धर्म आणि जात हे स्तंभ एकमेकांशी कसे जोडले जातात, यावर बरेच अवलंबून राहील. वडाळ्याच्या ख्रिस्ती घरात प्रगणकाने धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिल्यानंतर जातीचा प्रश्न विचारला, आणि घरातील वडीलधाऱ्या बाईने पूर्वजांची जात सांगितली, तर ती लिहून घेतली जाईल की ‘तुम्हाला जात कुठली’ म्हणून रकाना रिकामा सोडला जाईल, हे मंत्रालयात नव्हे तर त्या उंबरठ्यावर ठरणार आहे. प्रगणक बहुधा शेजारच्या शाळेतील शिक्षक असेल. त्या घराची जात त्याला गावाने केव्हाच सांगितलेली असेल.